पहिल्या भागाला जीव टाकला, तिसऱ्याला जांभया! तुमच्या अशा मालिका कोणत्या?

विश्रामबागकर
भाची सुट्टीला आलीय आमच्याकडं सांगलीला, यंदा नववीत जाईल. आल्या आल्या कपाटातून अमिश त्रिपाठींच्या शिवाच्या तीन भागांतला पहिला, 'मेलुहाचे मृत्युंजय', काढला आणि जेवायला हाका मारून तिची मामी थकली. काल रात्री संपलं. शेवट कुठं आणून सोडलाय ते वाचलेल्यांना आठवत असेलच. पोरगी तडक माझ्यापुढं, "मामा, दुसरा भाग दे. आत्ता."

दुसरा घरात आहे, तिसराही आहे. द्यावा की नको एवढाच प्रश्न आहे. इंग्रजीत पहिला २०१० ला आला, दुसरा २०११ ला, तोवर मीही असाच झपाटलेलो होतो. २०१३ ला तिसरा आला आणि निम्म्यात गेल्यावर मी किती पानं राहिली ते बघायला लागलो. रेटून संपवला, पण पहिल्यासारखा पुन्हा कधी हातात घ्यावासा वाटला नाही.

तर मंडळी, पहिल्या भागानं वेड लावलं आणि पुढं निराशा केली अशा तुमच्या मालिका सांगा. मराठी, अनुवादित, इंग्रजी, काहीही चालेल. आणि जाणत्यांना आणखी एक विचारतो. अशी मालिका नव्या वाचकाच्या हातात देताना आधीच सांगावं का, की बाई गं, पहिल्यावरच थांब?

कंदीपेढा
थांब म्हटल्यावर नववीतली पोरगी थांबेल? कुठल्या जगात राहता मामा?

घाटमाथा
तिसऱ्या भागाला उगाच झोडपतात लोक. खऱ्या लढाया तिसऱ्यातच आहेत, आणि शेवट करायला जी छाती लागते ती लेखकानं दाखवलीय. माझ्या मते रेंगाळतो तो दुसरा. शिव इथं जातो, तिथं जातो, चकित होतो, पुढं निघतो.

मोतीचौक
घाटमाथा, छाती दाखवली हे मान्य. पण पहिल्या भागाची सगळी गंमत एका शंकेत होती. तिबेटातून आलेला, चिलीम ओढणारा टोळीचा नायक. सोमरस पिऊन गळा निळा झाला म्हणून अख्खं साम्राज्य त्याला तारणहार मानायला लागतं आणि त्याला स्वतःलाच ते पटत नाही. वाचणारा त्याच्या बाजूनं. तिसऱ्यात शंका मिटलेली असते. मग सोमरस करायला सरस्वतीचं किती पाणी लागतं, त्याचा विषारी गाळ कुठं सोडतात, त्यानं रोगराई कुठं पसरते, हे सगळं येतं. मुद्दा झकासच आहे, आपल्या नद्यांची अवस्था बघता तर फारच झकास. पण तो घडत नाही, माणसं बसून एकमेकांना समजावून सांगतात. एमआयडीसीत सांडपाण्यावर बैठक लागलीय आणि आपण चुकून आत शिरलोय असं वाटतं.

हळदगल्ली
अहो स्पॉयलर! धाग्याच्या डोक्यावर सूचना तरी टाका की राव. माझा दुसरा भाग चालू आहे.

कंदीपेढा
२०१३ चं पुस्तक आहे. आणि शंकराची गोष्ट तुम्हाला माहीत नाही होय?

हळदगल्ली
शंकराची माहीत आहे. गाळाची नव्हती.

लायब्ररीवाले तात्या
मी पुस्तकं भाड्यानं द्यायचं दुकान चालवायचो सांगलीत, त्यामुळं या विषयावरचं माझं मत वाचून कमी आणि हाताळून जास्त झालेलं आहे.

मालिकेतला पहिला भाग ओळखायला नाव बघावं लागत नाही. मूळ मुखपृष्ठ कधीच गेलेलं असतं. वर खाकी पुठ्ठा, पाठीला कापडाची पट्टी, आणि शिवण इतक्यांदा घातलेली की आतल्या कडेचे शब्द शिवणीत जाऊन बसलेले. वाचणारा पुस्तक दोन्ही हातांनी फाकवून वाचतो, म्हणून ते परत उसवतं. मागं तारखेचा कागद भरला की त्यावर दुसरा चिकटवायचा, मग तिसरा, असं करत मागचा पुठ्ठा फुगलेला. दुसऱ्या भागाला मुखपृष्ठ असतं, फक्त कोपरे गेलेले. आणि चौथा-पाचवा? आणला तसाच. उघडताना पाठ कडकन वाजणार. तारखेच्या कागदावर जे काही शिक्के असतील ते एकाच माणसाचे, कारण तो नेऊन ठेवायचा, वाचायचा नाही, आणि मुदत वाढवायला यायचा.

दुकानात मागणीची पुस्तकं गल्ल्याजवळ हाताशी आणि बिनमागणीची खालच्या फळीवर, हा साधा हिशेब. त्यामुळं मालिकांचे पहिले भाग वर आणि शेवटचे खाली अशी मांडणी आपोआपच झालेली. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा आली. आमची गल्ली जरा चढावर, म्हणून पाणी मांडीपर्यंतच आलं आणि नेमक्या खालच्या फळ्या गेल्या. लगदा फावड्यानं ओढून बाहेर काढला. दुकान परत उघडलं तेव्हा निम्म्या मालिका पहिल्या एक-दोन भागांपुरत्याच उरल्या होत्या. आता सांगा, पुढचा भाग कुठं गेला म्हणून किती जणांनी विचारलं असेल? हाताची बोटंसुद्धा लागली नाहीत मोजायला.

अदिती_मिरज
तात्या, लगद्याचं वाचून पोटात कालवलं, आणि पुढच्या ओळीला हसू आलं. दोन्हीबद्दल तुम्हीच जबाबदार.

मला एक भेद करावासा वाटतो. आपल्याकडं मालिका म्हणजे बहुतेक वेळा नायक एकच आणि गोष्ट दरवेळी नवी. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. फुरसुंगीचा बनेश, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकल आणि 'ट्टॉक्'. चीनच्या लढाईत आघाडीवर जाऊन आला तरी पोराचं वय तेवढंच. त्यातलं एखादं पुस्तक फसलं तर तेवढं एकच फसतं, बाकीची शाबूत राहतात. एकच गोष्ट पाच भागांत तोडलेली असते तिथं मात्र प्रश्न पहिल्या भागात विचारलेले असतात आणि उत्तरं शेवटी द्यायची असतात. प्रश्न विचारायला कुणालाही जमतं हो. सगळी निराशा उत्तरांपाशी होते.

वाईकर
अदितीताई, अगदी बरोबर. आमच्या पिढीला बाबूराव अर्नाळकर. हजारावर कादंबऱ्या लिहिल्या त्या माणसानं. काळा पहाड, झुंजार. शाळेच्या दप्तरात मावायच्या आणि भूगोलाच्या पुस्तकात त्याहून चांगल्या मावायच्या. शंभरावी वाचताना कुणी म्हटलं नाही की पहिलीची सर नाही. पहिली कोणती हेच कुणाला माहीत नव्हतं! जी हाताला लागेल ती पहिली.

रात्रपाळी
नायक एकच असला म्हणजे सगळं सुरक्षित, हे मला पटत नाही. खुद्द शेरलॉक होम्स बघा. १८८७ ला आला, १८९३ ला डॉयलनं कंटाळून त्याला मोरिआर्टीबरोबर रायशेनबाखच्या धबधब्यात ढकलून दिला. वाचकांनी भंडावून सोडलं. मग 'बास्करव्हिल'ची कादंबरी आली ती मरणाआधीची गोष्ट म्हणून, आणि १९०३ ला गडी जिवंत परत. पुढं १९२७ पर्यंत कथा येत राहिल्या. चार कादंबऱ्या आणि ५६ कथा. आता शेवटच्या संग्रहातल्या कथा पहिल्या संग्रहाशेजारी ठेवून वाचा. एका कथेत म्हातारा प्राध्यापक माकडापासून काढलेलं औषध टोचून घेतो आणि रात्री भिंतीवर चढतो. होम्सच्या गोष्टीत! माग काढणं, राख, चिखलाचे डाग, सगळं गेलं कुठं?

मी दवाखान्यात रात्रपाळीला असतो, जागं राहायला वाचतो. त्या कथेनं मला झोप आणली, एवढंच तिचं कर्तृत्व.

घाटमाथा
माकडाची कथा मला आवडते. बेधडक आहे.

रात्रपाळी
तुम्हाला शिवाचा तिसरा भाग, वायुपुत्रही आवडलं होतं. पॅटर्न दिसायला लागलाय. :)

घाटमाथा
दिसू दे. त्यापेक्षा ॲगाथा ख्रिस्तीबाईंचा धोरणीपणा बघा. आपल्या गुप्तहेराला, प्वारोला, त्या पुरत्या कंटाळल्या होत्या, पण त्याची शेवटची कादंबरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून बाजूला ठेवून दिली. हात चालत होता तेव्हाच शेवट करून ठेवला. ती छापली १९७५ ला, आणि पुढच्याच वर्षी बाई गेल्या. मधल्या तीस वर्षांत काही सुमार पुस्तकं आली असतील, पण शेवट दमदार तो दमदारच. मालिका लिहिणाऱ्या प्रत्येकानं असा एक शेवट कुलपात ठेवावा.

वाईकर
पण प्वारो १९२० च्या पहिल्याच पुस्तकात निवृत्त झालेला बेल्जियन पोलीस आहे. १९७५ ला त्याचं वय किती भरतं? अर्नाळकरांना नावं ठेवतात लोक.

मोतीचौक
नायक एकच असण्याचा तोटा बघायचा तर नारायण धारपांचे 'समर्थ' वाचा. धारपांचा मी भक्त आहे आणि भक्त म्हणूनच सांगतो. समर्थांची पहिली कथा वाचताना अंगावर काटा येतो. त्यांच्या सोबत्याच्या, अप्पाच्या तोंडून सगळं उलगडत जातं, काहीतरी अभद्र घरात शिरलेलं असतं, काय ते कळत नाही. चार-पाच कथा झाल्या की आपल्याला कळून चुकतं, समर्थ आलेत, आता काळजी नाही. भयकथेत काळजीच नसेल तर उरलं काय? धारपांच्या ज्या गोष्टींत समर्थ नाहीत, नुसता तुमच्या-आमच्यासारखा भाडेकरू आणि ते घर, त्यांच्या नादानं मी अजूनही रात्री गॅलरीतला दिवा चालू ठेवतो. इथं कुठलाच भाग वाईट लिहिलेला नाही, भीती फक्त सवयीनं गेली.

हळदगल्ली
धारपांचं स्पॉयलर दिलं नाहीत म्हणून आभार.

पसरणीघाट
थोडं विषयांतर. महाबळेश्वर-पाचगणी रस्त्यावर भिलार आहे, पुस्तकांचं गाव, २०१७ पासून. स्ट्रॉबेरीचं गाव आणि घराघरांत पुस्तकं. एकेका घरात एकेक प्रकार, कुठं कादंबरी, कुठं इतिहास, कुठं बालसाहित्य. ज्याला सुट्टीत पोरांना घेऊन जायचंय त्यानं जरूर जावं. ओसरीवर बसून वाचा, कुणी उठवत नाही. फक्त मालिकेतला पहिला भाग तिथं बसून सुरू करू नका. संध्याकाळी घाट उतरायचा असतो आणि पोरगं उठत नाही.

कंदीपेढा
आणि येताना स्ट्रॉबेरी विथ क्रीम. मूळ विषयापेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे.

देशी_वाण
मालिकांची यादी चाललीय आणि नेमाडे अजून आले कसे नाहीत? 'कोसला' १९६३, एकटं उभं. त्यानंतर चांगदेव या एकाच नायकाच्या चार: बिढार, हूल, जरीला, झूल. मला बिढार अतिशय आवडते. पुढं पुढं तेच कॉलेज, तीच खोली, तीच खानावळ, फक्त गाव बदललेलं. मित्राशी यावरून कडाक्याचं भांडण झालंय. त्याचं म्हणणं, नोकरी करणाऱ्या माणसाचं आयुष्य तसंच असतं, गाव बदलतं आणि खानावळीतली आमटी तीच. ते बरोबर असेलही. पण मी स्वतः बदलीची नोकरी करतो, मला ती आमटी पुस्तकातही कशाला?

आणि 'हिंदू'चं काय करायचं? २०१० ला आली तेव्हा चार कादंबऱ्यांतली ही पहिली असं सांगितलं होतं. आम्ही तिच्या नायकाला, खंडेरावाला घेऊन बसलोय.

रात्रपाळी
बसा. शेजारी इंग्रजीवाले बसलेत, 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या जॉर्ज मार्टिनचे. त्यांचा पाचवा भाग २०११ ला आला, सहाव्याची वाट बघतायत. टीव्हीवाल्यांनी तर २०१९ ला गोष्ट संपवूनही टाकली. पाचवा वाचला तेव्हा माझं लग्न ठरायचं होतं, आता लेक चौथीत आहे.

वाईकर
न आलेला भाग सर्वात चांगला. त्यानं कुणाची निराशा केल्याचं ऐकिवात नाही.

अदिती_मिरज
एक वेगळी बाजू मांडते. कधी कधी निराशा हाच लेखकाचा बेत असतो. 'ड्यून' १९६५ ची. हल्ली सिनेमे आले म्हणून पुष्कळांनी वाचली. पहिल्या भागात राजपुत्र पॉल वाळवंटातल्या लोकांचा मसीहा होतो, आपण टाळ्या वाजवतो. १९६९ ला दुसरा भाग आला, त्यात त्याच मसीहाच्या नावानं चाललेल्या धर्मयुद्धात माणसं किती मारली गेली त्याचा हिशेब आहे, आणि पॉल स्वतःच्या सिंहासनाला अडकलेला. पुष्कळ वाचक चिडले. हर्बर्टला तेच सांगायचं होतं, की तारणहार दिसला की सावध व्हा. पहिल्या भागात टाळ्या वाजवल्या नसत्या तर दुसरा लागलाच नसता.

सहाव्या भागानंतर मात्र मी तुमच्या बाजूनं आहे. हर्बर्ट १९८६ ला गेला. पुढं त्याच्या मुलानं आणखी एका लेखकाला बरोबर घेऊन पुस्तकांमागून पुस्तकं काढली. त्यातलं एक वाचलं, पुरे झालं.

मोतीचौक
हा मुद्दा आवडला. म्हणजे तीन प्रकार झाले ना?

अदिती_मिरज
प्रकार नका मोजू हो, परीक्षेला बसल्यासारखं होतं.

गिरणगल्ली
माझी तक्रार निराळीच. पुढचा भाग वाईट निघाला तर निदान वाचला तरी. मी मराठीतूनच वाचतो. एका परदेशी मालिकेचा पहिला भाग मराठीत आला, प्रकाशकाचं नाव घेत नाही, अनुवाद उत्तम, हातोहात वाचला. दुसऱ्याची वाट बघितली. पुस्तक प्रदर्शनात स्टॉलवर विचारलं की "येतोय". पुढच्या वेळी "बघू". नंतर त्या स्टॉलवरच्या पोराला पहिला भागही माहीत नव्हता. मराठीत हजाराची आवृत्ती निघते, तीही लवकर संपत नाही, मग दुसऱ्या भागाचे हक्क कोण विकत घेणार? त्यांचं गणित कळतं मला. पण मग पहिल्याच्या मुखपृष्ठावर 'भाग १' कशाला छापायचं?

लायब्ररीवाले तात्या
गिरणगल्ली, हे लाख बोललात. असले 'भाग १' माझ्याकडं रांगेनं होते. गिऱ्हाईक घरी नेऊन वाचायचं आणि दुसऱ्या दिवशी मला दोष द्यायचं, जणू दुसरा मी घरी लपवून ठेवलाय.

आणि लेखकांची बाजू पण बघा जरा. मागणी असली की माणूस लिहितो. जेफ्री आर्चरची क्लिफ्टन घराण्याची मालिका पाच भागांची ठरली होती, सात झाले. माझ्याकडं ती इंग्रजीत होती, नेणारे सगळे बँकेतले निवृत्त साहेब. पाचव्यानंतर त्यातले एक साहेब मला म्हणाले, "तात्या, आता या लोकांचं काही का होईना, पण माझं वाचून होऊ दे." सातवाही नेला त्यांनी. पहिल्या भागात जीव गुंतला की माणूस पुढचे चांगले आहेत म्हणून नेत नाही, संपवायचं म्हणून नेतो. तारखेच्या कागदावर ते स्पष्ट दिसतं. पहिला भाग चार दिवसांत परत, सातव्याला मुदतवाढ.

देशी_वाण
तात्या, तुम्ही लिहा की दुकानावर. एकच भाग लिहा पण.

विश्रामबागकर
उशीर झाला उत्तर द्यायला, क्षमस्व. तुमची चर्चा चालू असताना इकडं प्रश्नच निकालात निघाला. मी द्यावा की नको करतोय तोवर मामीनं दुसरा काढून दिला, आणि तो संपल्यावर तिसरा पोरीनं आपला आपण घेतला. परवा संपवला.

तिला विचारलं, कसा वाटला? म्हणाली, तीनही भागांत हाच भारी. का? तर सतीची शेवटची लढाई. पहिल्या भागात सतीला सगळे जपतात, दुसऱ्यात ती भांडते, आणि तिसऱ्यात एकटी इतक्यांना पुरून उरते, म्हणून. मी म्हटलं, आणि ती सोमरसाची लांबच्या लांब चर्चा? ती म्हणाली, "ते बोलत बसलेत ती पानं मी सोडली." शांतपणे, जणू सगळेच सोडतात.

मला आजही ती पानं जडच वाटतात, त्यावर मी ठाम आहे. पण 'पहिल्यावर थांब' हे मी तिला सांगणार नाही, आणि पुढं कुणालाही सांगीन असं वाटत नाही. शिवाच्या मागं मागं वाचत गेलो मी, ती सतीच्या मागं गेली. पुस्तक एकच असलं तरी निराशा माझी होती, तिची नव्हती.

घाटमाथा
भाचीला माझा नमस्कार सांगा. या धाग्यावर ती आणि मी, दोघंच.

हळदगल्ली
सतीची *शेवटची* लढाई?? अहो!!

विश्रामबागकर
अरे देवा. सॉरी.

बरं, आता ती विचारतेय पुढं काय वाचू. याच लेखकाची रामचंद्र मालिका तिला शाळेतल्या मैत्रिणीकडून मिळेल. माझ्या कपाटातून काय देऊ? पुन्हा मालिकाच हवीय म्हणते.

अदिती_मिरज
फेलूदा द्या, डोळे मिटून. सत्यजित राय यांनी १९६५ पासून लिहिलेल्या गुप्तहेराच्या गोष्टी. मराठी अनुवाद अशोक जैन यांचा, रोहन प्रकाशनानं काढलाय. गोष्ट दरवेळी नवी, कुठूनही सुरू केली तरी चालते, फेलूदाचा चुलतभाऊ तोपशे सांगतो म्हणून वाचायलाही हलकी. आणि जटायू आहे त्यात, भरमसाट रहस्यकथा लिहिणारा लेखक. त्याच्या पुस्तकांत चुका असतात आणि फेलूदा त्या काढतो. इथल्या मंडळींना तो पात्र म्हणून फार आवडेल.

वाईकर
सोनेरी किल्ल्याच्या गोष्टीपासून सुरू करा, जटायू तिथंच भेटतो. त्याआधीच्या नंतर वाचता येतात.

विश्रामबागकर
तीच मागवतो आजच. पोरगी गावी जायच्या आत यायला हवी. तात्या, तुमच्याकडं फेलूदा होती का?

लायब्ररीवाले तात्या
होती. सगळी वरच्या फळीवर. येऊन घेऊन जा, भाडं नको, फक्त पान दुमडायचं नाही असं पोरीला सांगा.